गाडी ती चालवत होती

उलव्याला माझ्या चुलतभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. जेवणं झाली, निघायची वेळ आली, तेव्हा बायको म्हणाली, "मी चालवते स्कूटर. तुम्ही जेवून जड झाला आहात." पार्किंगमध्ये चार-पाच नातेवाईक उभे होते. चुलतभाऊ हसून म्हणाला, "वा! साहेब आता मागच्या सीटवर!" मीही हसलो, पण ते मला लागलं. बायको पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली होती. पनवेलच्या ज्या शाळेत ती ऑफिसमध्ये काम करते, तिथे रोज स्कूटरने जायची. वर्षभरात तिने एकदाही गाडी पाडली नव्हती. तरी मी मागे बसलो की माझं तोंड थांबायचं नाही. ब्रेक मार, हॉर्न दे, आरशात बघ, एवढी हळू कशाला?

त्या दिवशी तर मी चिडूनच बसलो होतो. हेल्मेट कोपरात अडकवलं होतं. तिने दोनदा सांगितलं, "घाला ना ते." मी म्हटलं, "तू समोर बघ."

उलव्यातले रस्ते तेव्हा जागोजागी खणलेले होते. पुढे एक डंपर खडी सांडत चालला होता आणि बायको त्याच्यापासून अंतर ठेवून सावकाश चालवत होती. मी म्हणत होतो, "काढ पुढे." ती काढत नव्हती. तेवढ्यात डंपरचे मागचे लाल दिवे लागले. तिने वेग कमी केला होता, हे मला आज शांतपणे आठवलं की स्पष्ट दिसतं. पण त्या क्षणी मला वाटलं, हिला जमणार नाही. मी मागून उजवा हात पुढे घातला आणि तिच्या हातावरूनच ब्रेक करकचून दाबला.

खडीवर पुढचं चाक घसरलं. मी उडालो आणि माझी हनुवटी दुभाजकाच्या दगडावर आपटली. मान मागे गेली. आवाज आला नाही, की मला ऐकू आला नाही, सांगता येत नाही. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी उताणा पडलो होतो आणि दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत निखाऱ्यांवर धरल्यासारखे जळत होते. पाय आहेत की नाहीत, ते कळत नव्हतं.

दोन मजूर मला खांद्याला धरून उचलणार होते. तेवढ्यात एका टेम्पोतून दाढीवाला एक माणूस ओरडत उतरला. "हात लावू नका! खुदा के वास्ते, कोणी हलवू नका त्यांना!" उरणकडचा कोकणी मुसलमान होता. बरीच वर्षं आखातात बांधकामाच्या साइटवर होता आणि तिथे त्यांना हे शिकवलं होतं, असं त्याने नंतर बायकोला सांगितलं. तो रस्त्यावर गुडघे टेकून बसला, माझं डोकं त्याने दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत जागचा हलला नाही. "भाईसाब, मान हलवायची नाही. माझ्याकडे बघत राहा," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. हात आणि पाय माझ्याकडे जे काही परत आले, त्यात त्या माणसाचा वाटा मोठा आहे. त्याचं नाव विचारायचं आम्हा दोघांना सुचलं नाही.

त्याने बायकोला विचारलं, "कसं झालं हो ताई?"

तिच्या कोपरातून रक्त येत होतं. ती म्हणाली, "माझ्या हातून घसरली. माझ्यामुळे झालं."

मी ते ऐकलं. बोलायला मला अडचण नव्हती. मी डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "पडलात कसे? आठवतंय का?" मी म्हटलं, "काही आठवत नाही." पोलीस हवालदार आला, त्याने बायकोचा जबाब घेतला. गाडी ताब्यातून सुटली, असं तिने सांगितलं आणि सही केली.

मानेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सगळं सोप्या भाषेत समजावून सांगितलं. वयामुळे माझ्या मानेच्या मणक्यात आधीच जागा कमी झाली होती, त्यात मान मागे झटकली गेली आणि मज्जारज्जू चेपला. अशा प्रकारात पायांपेक्षा हात जास्त जातात. सुधारणा होते तेव्हा पाय आधी येतात, मग लघवीवरचा ताबा, हात सगळ्यांत शेवटी. हात पूर्ण येतीलच, असं ते सांगू शकत नव्हते.

चौथ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. आई आयसीयूच्या काचेबाहेरून हात जोडत होती. बायको माझ्या पायाशी उभी राहून रडत होती आणि म्हणत होती, "माझ्यामुळे, सगळं माझ्यामुळे." मी म्हटलं, "रडू नकोस." एवढंच म्हटलं. मोठ्या मनाने क्षमा केल्यासारखं.

पुढचे दोन महिने मी एका पुनर्वसन केंद्रात होतो. रोज सकाळी मला एका फळीवर पट्ट्यांनी बांधायचे आणि ती फळी हळूहळू उभी करायचे, कारण एकदम बसवलं की रक्तदाब पडून मला चक्कर यायची. पहिल्या दिवशी मी तीस अंशांवरच बेशुद्ध झालो. नंतर दोन दांड्यांमधून चालणं सुरू झालं. पाय थरथरत का होईना, पण माझं ऐकायला लागले. हात मात्र नुसते लटकायचे. थेरपिस्ट ताई माझ्यापुढे राजम्याचे दाणे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "एक उचलून वाटीत टाका." मला पाऊण तास लागायचा आणि दाणा जमिनीवर पडायचा.

तोंडात घास बायको घालायची. दात तीच घासायची. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायला नर्सने तिला शिकवलं होतं, कारण घरी गेल्यावर ते तिलाच करायचं होतं. पहिल्यांदा तिने नळी घातली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं. शौचावर ताबा नव्हता. एकदा व्यायामाला नेत असतानाच झालं, तर तिने सगळ्यांसमोर पटकन माझ्या कमरेभोवती आपली ओढणी गुंडाळली आणि मला मागे फिरवलं.

या सगळ्याची लाज वाटायचीच, पण ती शरीराची लाज होती आणि तिथे प्रत्येकाला ती होती, त्यामुळे ती हळूहळू बोथट झाली. दुसरी लाज मला एकट्याला होती. आणि मी करत काय होतो? तर बायकोवर खेकसत होतो. चमचा दाताला लागला की, "नीट बघून भरव!" वरण गरम असलं की, "एवढं कळत नाही?" अंगठ्याशिवाय काही हलत नव्हतं तेव्हाही मी मागच्या सीटवर बसून तिला सूचनाच देत होतो. ती काही बोलायची नाही. सगळ्यांना वाटायचं, हिला अपराधी वाटतं म्हणून ऐकून घेते. मलाही तसंच वाटायचं.

माझ्या शेजारच्या खाटेवर उलव्याकडच्याच एका गावातला आगरी शेतकरी होता. चाळिशीचा, अंगाने दणकट. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साचलं होतं, तिथे त्याने सूर मारला आणि डोकं तळाच्या खडकावर आपटलं. त्याचा मज्जारज्जू पूर्णच गेला होता. तो पुन्हा चालणार नाही, हे त्याला सांगितलेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःच सांगायचा, "भाच्यांना दाखवाया गेलो, मामा कसा सूर मारतो त्ये. पानी किती हाय त्ये बगितलं नाय. मीच माती खाल्ली. आता बोल कुनाला लावू? पान्याला?" आणि हसायचा. कधी सांगता सांगता रडायचा. पण सांगायचा.

एका दुपारी त्याने मला विचारलं, "साहेब, तुमचं कसं झालं वो?"

मी म्हटलं, "स्कूटरवरून पडलो. गाडी मिसेस चालवत होती."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मी तो वापरला. डॉक्टरांना 'आठवत नाही' म्हणण्यापलीकडे तोपर्यंत मी फक्त गप्प होतो. त्या दुपारी मी पहिल्यांदा तोंडाने तिच्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी बायको माझ्यासाठी मोसंबं सोलत बसली होती. तो त्याच्या खाटेवरून मायेने म्हणाला, "वैनी, जीवाला लावून घेऊ नका. साहेबांनी सांगितलं मला. गाडी हाय, कुनाच्या पन हातून घसरते."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "नाही लावून घेत, दादा." मग फोडीतली बी काढून ती फोड तिने माझ्या तोंडात घातली.

त्या दिवसापासून "माझ्यामुळे झालं" हे तिने म्हणणं बंद केलं. उलटही काही म्हणाली नाही. माझ्याशी कामापुरतं बोलायची. कूस बदलायची का, नळीची वेळ झाली, गोळी घ्या. मला कळत होतं आणि कळत नाही असं मी दाखवत होतो.

घरी रोडपालीला आलो तेव्हा मी वॉकर धरून दहा पावलं टाकू शकत होतो. वॉकर धरणं म्हणजे काय, तर दोन्ही मनगटं पट्ट्याने त्याला बांधायची. बघायला लोक यायला लागले. आई आमच्याकडेच असते. ती हॉलमध्ये बसून सगळ्यांना सांगायची आणि मी आतल्या खोलीत पलंगावर पडून ऐकायचो.

"मी आधीपासून म्हणत होते, हिला गाडी कशाला हवी? रिक्षा मिळत नाहीत का? पण ऐकलं नाही. भोगतंय कोण? माझा मुलगा."

बायको तेव्हा स्वयंपाकघरात त्याच लोकांसाठी चहा करत असायची. मला कपांचा आवाज ऐकू यायचा. एकदा माझी बहीण आली होती. आईचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, आता तरी गाडी विकून टाक बाई." आत्ता हाक मारावी, असं मला वाटलं. मी हाक मारलीही. बायको दारात आली. "काय हवंय?" तिच्या मागे आई आणि बहीण डोकावत होत्या.

मी म्हटलं, "पाणी."

पाणी उशाशीच होतं, स्ट्रॉ लावलेल्या बाटलीत. तिने ते मला पाजलं आणि चहाकडे गेली.

एप्रिलमध्ये मी पलंगापासून हॉलपर्यंत वॉकरशिवाय चाललो. लघवी आपली आपण व्हायला लागली होती. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मग बायकोला जवळ बोलावलं.

"हा आयसीयूत होता तेव्हा मी पनवेलच्या गावदेवीला बोलले होते. हा चालायला लागला की तू घरापासून अनवाणी येशील आणि ओटी भरशील. तुझ्या हातून घडलंय, म्हणून तुझ्याच नावाने बोलले. जाशील ना?"

बायको म्हणाली, "जाईन, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती निघाली. हिरवी साडी, हातात ओटीची पिशवी. दारातल्या चपलांच्या रांगेवरून तिने पाय पलीकडे टाकला. मी गॅलरीत उभा होतो. सोसायटीच्या गेटमधून ती बाहेर पडली आणि कळंबोली सर्कलच्या दिशेने चालायला लागली. तिथे ट्रेलर आणि ट्रक एकमेकांना चिकटून धावतात, पायी चालणाऱ्याला जागा म्हणून नसते. तिथून जुन्या पनवेलपर्यंत तास-दीड तासाची चाल. ऊन चढत होतं. वळणावर ती दिसेनाशी झाली. "आई, तिला थांबव" एवढे तीन शब्द होते. मी गॅलरीतच एका हाताने, म्हणजे मनगटाने, कठडा धरून उभा राहिलो आणि पाय दुखले तेव्हा आत येऊन बसलो.

एक वाजता ती रिक्षाने परत आली. तळव्यांना फोड आले होते, एक फुटला होता. आईच आधी उठली. टपात कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसून सुनेचे पाय पाण्यात धरले. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, तरी बसली. तळव्यावरून हात फिरवत म्हणाली, "झालं हो. आता फिटलं सगळं. आता माझ्या मनात काही नाही."

आईचा तो हात मला बघवला नाही. मी म्हणालो, "आई, ब्रेक मी दाबला होता."

"काय?"

"गाडी ती नीट चालवत होती. मी मागून हात घातला आणि ब्रेक दाबला. मी पाडली गाडी."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. बायकोला म्हणाली, "बघ गं. तुझ्यावरचा आळ अंगावर घेतोय. किती जीव आहे याचा तुझ्यावर."

याची मी कधी कल्पनाच केली नव्हती. खरं बोललो आणि घरात मी आणखी चांगला ठरलो. क्षणभर, अगदी क्षणभर, मला ते तसंच राहू द्यावंसं वाटलं. हेही इथे लिहितो, कारण लपवण्यासारखं जे होतं त्यातलं हे शेवटचं आहे.

मग मी ओरडलो. "आई, मी खरं सांगतोय! मला सगळं आठवतंय. पहिल्या दिवसापासून आठवतंय. डॉक्टरांशी खोटं बोललो मी."

आईने सुनेकडे वर मान करून पाहिलं. बायकोचे पाय अजून पाण्यात होते. ती म्हणाली, "हो आई. खरं आहे ते."

आईने टॉवेल घेतला, सुनेचे दोन्ही पाय पुसले, टप उचलला आणि मोरीकडे गेली. मोरीतून पाणी ओतल्याचा आवाज आला. ती बाहेर आली नाही.

आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुमचा हात माझ्या हातावर होता," ती म्हणाली. "मला माहीत नसेल?"

"मग रस्त्यावर तसं का म्हणालीस?"

"तुम्ही मरताय असं वाटलं होतं मला. मरणाऱ्या माणसाला कोणी म्हणतं का, तुझी चूक? आणि मग मलाच वाटायला लागलं, मी अजून हळू चालवली असती तर. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. मला वाटलं, तुम्ही शुद्धीवर आलात की खरं काय ते स्वतःच सांगाल."

"आणि?"

"आणि काय. तुम्ही त्या शेजारच्या दादांना सांगितलंत." ती पायाचा फोड बघत होती. "त्या दिवशी मी वाट बघायचं सोडलं."

"तू का नाही बोललीस नंतर?"

"मी बोलले असते तर लोक काय म्हणाले असते? अंथरुणावर पडलेल्या नवऱ्यावर ढकलतेय. तुम्हाला ते माहीत होतं."

माहीत होतं. अगदी याच शब्दांत नसेल, पण होतं.

पुढच्या आठवड्यात मी एकेकाला फोन केले. बोटं चालत नाहीत म्हणून फोनला तोंडाने नाव सांगतो, तो लावतो. बहिणीला सांगितलं, चुलतभावाला सांगितलं. बहीण रडली आणि म्हणाली, "वहिनीला फोन दे." बायको म्हणाली, "नंतर." चुलतभाऊ म्हणाला, "अरे जाऊ दे रे, झालं ते झालं, नवरा-बायकोत काय एवढं." मी म्हटलं, "जाऊ दे नको. वास्तुशांतीला होते त्या सगळ्यांना सांग." त्याने सांगितलं की नाही, माहीत नाही. शेजारच्या खाटेवरच्या शेतकऱ्यालाही फोन केला. तो आता घरी असतो, व्हीलचेअरवर ओट्यावर बसतो. माझं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, मला नाय सांगितलं तरी चाललं असतं. पन वैनींना सांगा, माझं चुकलं म्हनावं. मी त्यांना उगाच समजावत बसलो." त्याचं काय चुकलं होतं? तरी त्याने माफी मागितली, पटकन, विचारसुद्धा न करता.

आई मोरीतून बाहेर आल्यावर त्या विषयावर कधीच बोलली नाही. माझ्याशी ती आता थोडी जपून बोलते. रात्री दोघी एकत्र जेवायला बसतात, पूर्वी बसत नसत.

बायकोने शाळेत पूर्ण वेळ जायला सुरुवात केली आहे. मी आता एकटा चालतो. सोसायटीत लोक म्हणतात, "अरे वा, एकदम बरे झालात!" चालताना बघून कोणाला कळत नाही. शर्टाचं बटण लावता येत नाही, म्हणून बायकोने सगळ्या शर्टांना वेल्क्रोची चिकटपट्टी शिवून आणली आहे. जाड मुठीचा चमचा मनगटाला बांधला की मी आपल्या हाताने जेवतो, अर्धं सांडतं. सांडलेलं मी स्वतः गोळा करतो, राजम्याच्या दाण्यांसारखं, आणि ती मला करू देते.

गेल्या महिन्यात एकदा मी तिला विचारलं, "मला माफ केलंस का?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "हे विचारू नका. तुम्ही विचारलंत की मला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि मग ते उत्तर मलाच सांभाळत बसावं लागतं."

मी परत विचारलं नाही. ती टॉवेलची घडी घालत होती, मी समोर बसून हातरुमाल दुमडून ठेवत होतो. माझ्या घड्या वाकड्या होतात. तिने त्या सरळ केल्या नाहीत, तशाच उचलून कपाटात ठेवल्या.